गंजू द्यायचं लोखंड आणि गॅलरीतला कठडा

तीर्थरूप मामांना, हातमोजे काढून, काळा चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. मामींनाही तोच नमस्कार, पण जरा जास्त वाकून, कारण हे पत्र त्याच वाचून दाखवणार आहेत आणि कंटाळा आला की मधली पानं गाळायची त्यांना सवय आहे. (मामी, या खेपेला एकही पान गाळू नका. शेवट तर मुळीच नको.)

मी इकडे खुशाल आहे. डाव्या मनगटावर ठिणग्यांचे तीन डाग आहेत, उजव्या बुटाला अंगठ्याजवळ भोक पडलंय, बाकी सगळं जागच्या जागी आहे. तुमची पाठ कशी आहे? गुडघ्यांना तेल चोळता की नुसती बाटली उशाशी घेऊन झोपता? वर्कशॉपचं शटर अजून अर्ध्यावर अडकतं का? आई बरी आहे ना? ती संध्याकाळी गॅलरीत उभी राहते का? राहत असेल तर कठड्याला टेकून राहते की नुसतीच? काही नाही, सहज विचारलं. दुसऱ्या मजल्यावर वारा फार असतो म्हणून.

पत्राचं कारण असं की मला अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगितलंय. तुम्ही हसला असाल. हसा. पिठाच्या गिरणीत सात महिने, फोटोच्या दुकानात पाच आठवडे, बसच्या डेपोत एक उन्हाळा, आणि शाळेत सातवीपर्यंत (त्यात सहावीत दोनदा, म्हणजे बसलो तसा भरपूरच), एवढी माझी थांबण्याची कमाई. काल सकाळी दहा वाजता मी परीक्षेची प्लेट जोडून दिली आणि तिचा निकाल उद्या दहाला. इथे जोड झाला की लगेच पास-नापास सांगत नाहीत. चीर म्हणे कधीकधी त्या वेळी पडतच नाही. सगळं निवांत झालं, लोक पांगले, की दीड-दोन दिवसांनी आतल्या आत पडते. आपल्याकडे एवढी वाट कोण बघणार? आपलं गिऱ्हाईक तर रंग ओला असतानाच फाटक हातगाडीवर घालून नेतं. पास झालो तर मी पक्का वेल्डर. नापास झालो तर पुन्हा ग्राइंडर घेऊन दुसऱ्यांच्या कडा घासायच्या, आणि ही दुसरी परीक्षा आहे, तिसरी देत नाहीत. म्हणून सकाळपासून नखं कापली, कपडे धुतले, वाळले का ते अकरा वेळा बघून आलो, आणि खोलीतली लोखंडी कॉट या भिंतीची त्या भिंतीला नेली. खोलीत माझ्यासोबत एक क्रेनवाला राहतो. तो म्हणाला, कॉट पुन्हा हलवलीस तर तुला हुकाला टांगून वर ठेवीन, उद्या दहाला उतरवीन. तो परवा रजेवर आपल्याच वाटेने निघालाय, हे पत्र तोच हातोहात आणून देईल. त्याला पाणी विचारा. (त्याच्याशी क्रेनबद्दल बोलू नका, तो उठत नाही.)

आता मुख्य गोष्ट. मामा, उभे असाल तर बसा. इथे आम्ही जे लोखंड जोडतो ते गंजू द्यायचं असतं. हो, मुद्दाम. पायी जाणाऱ्यांसाठी एक पूल चाललाय, त्याच्या जाड प्लेटा आठ-आठ महिने उघड्यावर ठेवतात, पाऊस खाऊ देतात, ऊन खाऊ देतात, आणि त्या लालसर-तपकिरी झाल्या की साहेब लोक येऊन कौतुकाने हात फिरवतात. त्या पोलादात थोडं तांबं, थोडं निकेल, थोडं क्रोमियम असतं. त्यामुळे वरचा गंज जखमेच्या खपलीसारखा घट्ट धरतो आणि आतल्या लोखंडाला पुढे गंजू देत नाही. त्याला रंग लावत नाहीत. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. हे मला जरा उशिराच कळलं, कसं ते पुढे येतं. तुमच्या हाताखाली चार वर्षं मी जे शिकलो ते तीन शब्दांचं आहे: जोड, लांबी, रंग. जोडात भोक राहिलं की लांबीची पुट्टी भरायची, लांबी वाळली की घासायची, वर रेड ऑक्साईडचे दोन हात, की देवालाही आतलं दिसायचं नाही. इथे तसला पडदाच नाही. जोड उघडा राहणार, जन्मभर, पावसापाण्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मामा, रागावू नका, पण मला वाटतं आपण दोघांनी आजवर वेल्डिंग कमी आणि रंगकाम जास्त केलं.

निघताना तुम्ही मला रेड ऑक्साईडचा डबा, दोन इंची ब्रश आणि लांबीचं पुडकं दिलं होतं ना, ते मी कपड्यांत गुंडाळून इथपर्यंत आणलं. त्यानेच घात केला. इथला फोरमन (सगळे त्याला मागे थांबासाहेब म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'थांब'ने सुरू होतं) मला एका प्लेटीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, थांब, ही साफ करायची आहे. त्याचं वाक्य अजून बरंच उरलं होतं, असं नंतर समजलं. उरलेलं वाक्य असं, की जिथे जोड येणार त्या कडेपासून फक्त दोन बोटं रुंद पट्टा चकचकीत करायचा, बाकी खपलीला हात लावायचा नाही. पण तोवर मी ग्राइंडर सुरू करून बसलो होतो. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद प्लेट. दिवसभर घासली. संध्याकाळी तिच्यात बघून भांग पाडता आला असता अशी केली. मग मनात आलं, नवीन जागा आहे, आपणहून थोडं जास्तीचं करून दाखवावं. डबा उघडला आणि दोन हात मारले. मामा, इतका सफाईदार हात मी आपल्याकडेही कधी मारला नव्हता, एक ओघळ नाही.

थांबासाहेब आला. प्लेट बघितली. टोपी काढली. मग म्हणाला, थांब. मी तर उभाच होतो. पण तो बहुतेक स्वतःला म्हणाला. आठ महिने मुरवलेली प्लेट होती ती, पुलाच्या दर्शनी बाजूची. तिला पुन्हा वाळूचा मारा करून कोरी करावी लागली आणि मग ती लवकर गंजावी म्हणून मला एक खास काम मिळालं. पाइप घेऊन दिवसातून तीन वेळा तिच्यावर पाणी मारायचं, वाळू द्यायचं, परत मारायचं. सहा आठवडे. मामा, लोखंडाला पाण्याचा थेंब लागला म्हणून तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला होता, तो मी अजून विसरलेलो नाही, आणि इथे मी फुलझाडं लावल्यासारखा लोखंडाला पाणी घालत उभा. क्रेनवाला वरून ओरडायचा, कळी आली का रे? पण खरं सांगू का, चौथ्या आठवड्यात तिच्यावर नारिंगी रंग चढायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. मी सकाळी उठून आधी तिला बघून यायचो. हे कुणाला सांगू नका.

(आईला तेवढं सांगा की कपडे वाळत घालायला गच्ची बरी. गॅलरीत ओले कपडे घातले की कठड्यावर भार येतो. म्हणजे कपड्यांना नीट ऊन लागत नाही.)

पाणी घालणं संपल्यावर मला वेल्डिंगच्या रॉडच्या खोलीत घातलं. मामा, आपला रॉडचा खोका कुठे असतो? मोरीच्या कट्ट्यावर. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं, तुम्ही ते पुसता आणि म्हणता चालतंय. इथे रॉड हवाबंद डब्यांत येतात, डबा फोडला की भट्टीत तापवायचे, मग दुसऱ्या छोट्या गरम डब्यात ठेवून तो डबा वेल्डरने काखेत बाळगायचा आणि लागेल तसा एकेक काढायचा. चार तास बाहेर राहिला तर रॉड परत. कारण ओल. रॉडमध्ये ओल असली की जोडात घुसते आणि तीच ती दोन दिवसांनी चीर पाडते. एवढं सगळं मला फळ्यावर चित्र काढून समजावलं, मी मान हलवली, आणि त्याच दुपारी माझे मोजे भिजले. (बुटाला भोक आहे, वर लिहिलंच आहे.) समोर एवढी मोठी गरम भट्टी. मी मोजे पिळले, वरच्या कप्प्यात रॉडशेजारी नीट पसरून ठेवले आणि दार लावलं. मला वाटलं, रॉडही गरम, मोजेही कोरडे, सगळेच खूश.

इथे तपासणीला एक बाई आहेत. साठीच्या असतील, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, हातात बॅटरी, आणि आवाज इतका बारीक की ऐकायला वाकावं लागतं. त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतात. त्या कुठल्याच यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, भट्टीचं दार स्वतः उघडून बघतात. उघडलं. वाफ आली. भिंग डोळ्याला लावून त्यांनी माझे मोजे बराच वेळ बघितले, एक चिमटीत उचलला, आणि विचारलं, हा कुठल्या कंपनीचा रॉड? सगळी भट्टी नापास. दोनशे रॉड बाजूला काढून त्यांवर लाल पट्टी मारली. थांबासाहेबाने टोपी काढली. मोजे मात्र छान वाळले होते.

मला वाटलं आता घरी पाठवतात. पण बाई म्हणाल्या, याला परीक्षेला बसवा. थांबासाहेब म्हणाला, याला? त्या म्हणाल्या, हो, जो चुका लपवत नाही त्याला शिकवता येतं. मामा, ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला घाम फुटला. का ते पुढे येईलच.

पहिली परीक्षा मी वीस मिनिटांत संपवली. बाकीच्यांचा तेव्हा पहिला थरही झाला नव्हता. वरून माझा जोड असा सुरेख आला की नाण्यांची चळत आडवी निजवावी तसा. थांबासाहेबही बघून गेला. बाईंनी भिंगाने बघितलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, वरून सुंदर आहे, आता कापू. मामा, जोड झाल्यावर तो कापून बघतात हे मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे कापतो कोण? करवतीने पट्टी काढली, घासून चकचकीत केली, माझ्या हातात दिली. आत पोकळी. एका बाजूला तर लोखंड लोखंडाला चिकटलेलंच नाही, मधे काळा पापुद्रा तसाच अडकलेला, कारण तो ठोकून काढायचा मला कंटाळा आला होता. वरची झिलई तेवढी खरी. बाई म्हणाल्या, यावर माणसं चालणार आहेत. बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती पट्टी खिशात घातली, ती अजून खिशात आहे, बसलो की टोचते.

दुसरी परीक्षा कालची. आधी कडा दोन बोटं पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, फक्त दोन बोटं, मोजून. मग प्लेट तापवली. इथे दोन खडू देतात. एक खडू प्लेटवर ओढला की वितळला पाहिजे, म्हणजे प्लेट पुरेशी गरम. दुसरा ओढला की वितळता कामा नये, म्हणजे फार गरम नाही. दोघांचं एका वेळी मन राखायचं. एक थर भरला की पापुद्रा ठोकून काढायचा, ब्रश मारायचा, भिंगाने बघायचं, आणि दुसरा खडू वितळायचा थांबेपर्यंत नुसतं बसायचं. आतले थर साध्या रॉडने चालतात, पण वरचे दोन थर खास निकेलच्या रॉडने, म्हणजे पुढे जोडही प्लेटीसारखाच गंजतो, ठिगळ दिसत नाही आणि आधी खंगतही नाही. हे सगळं जमेल. बसणं जमेना. थांबासाहेबाने एक स्टूल दिलं आणि म्हणाला, थांब, दोन्ही हात मांडीखाली घे. मी घेतले. सात थर, सात वेळा बसलो. मामा, हात मांडीखाली ठेवून बसलेल्या माणसाचं डोकं कुठे कुठे जातं! माझं दर वेळी एकाच ठिकाणी गेलं. ते शेवटी लिहितो. चार तास लागले. उठलो तेव्हा दोन्ही हात बधिर, पण जोड सरळ होता.

आता कागद संपत आला आणि निकालाला अजून बरेच तास आहेत. सगळ्यांना यथायोग्य. वर्कशॉपमधल्या रॉडचा खोका मोरीवरून उचलून कोरड्या जागी ठेवा, एवढं तरी ऐका.

आपला, या क्षणापर्यंत तरी नोकरीवर असलेला,
भाचा

ता. क. पत्र क्रेनवाल्याच्या पिशवीतून परत काढून घेतलंय. निकाल लागला. बाईंनी पट्ट्या कापल्या, यंत्रात घालून कोपरासारख्या वाकवल्या, तरी जोड उघडला नाही. आतून कुठे लोखंड संपतं आणि कुठे जोड सुरू होतो ते भिंगातूनही सापडेना. पास झालो. थांबासाहेबाने टोपी काढली, पण या वेळी हसत. बाई म्हणाल्या, आता शांत झोपशील. मी म्हणालो, नाही.

दुसरं ता. क. मामी, इथून पुढे मनातल्या मनात वाचा आणि मामांच्या कानात सांगा. गॅलरीतला तो कठडा, जो मी निघायच्या दिवशी बसवला, तो बसवलेला नाही. पाच उभ्या नळ्यांना खाली फक्त वेल्डिंगचा एकेक टाका आहे. गाडीची वेळ झाली होती, मला थांबवत नव्हतं. बाकी सगळी लांबी आहे आणि वर रेड ऑक्साईडचे तीन हात. मामा, तुम्ही सगळ्यांसमोर त्यावरून हात फिरवून म्हणालात, हा माझा भाचा, हात माझ्यावर गेलाय. तेव्हा मला सांगता आलं नाही. चूक न लपवणारा म्हणून मला परीक्षेला बसवलं, आणि माझी मोठी चूक दुसऱ्या मजल्यावर आईच्या कोपराखाली उभी आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईच उचलते. म्हणून दर आठवड्याला काहीबाही सांगतोय. वारा बाधेल म्हणालो, तर ती शाल पांघरून उभी राहिली. मग म्हणालो, गॅलरीखाली मधमाश्यांचं पोळं असेल, जाऊ नकोस. तर पुढच्या फोनवर म्हणाली, मी चांगली वाकून वाकून बघितलं रे, कुठे पोळं नाही. मामा, त्या दिवसापासून मला झोप नाही. पत्र मिळताच गॅलरीचं दार लावून घ्या आणि आतून शिलाई मशीन आडवं लावा. मी चार दिवसांची रजा घेतली आहे, शनिवारी पोचतो, गरम डब्यात रॉड घेऊन. आणि पाया पडून सांगतो, तोवर तुम्ही स्वतः तो जोडायला जाऊ नका.

तिसरं ता. क. आत्ता लक्षात आलं की मामी आधी मोठ्याने वाचतात आणि 'मनातल्या मनात वाचा' हे त्यांना वाचून झाल्यावर कळतं. म्हणजे शेजारी बसलेल्या आईने सगळं ऐकलंय. आई, तू आत्ता उठली आहेस, मला ठाऊक आहे. पोरगं काय सांगतंय, एकदा हलवून तर बघू, असं म्हणत तू गॅलरीकडे निघाली आहेस. मी तुझाच मुलगा आहे.

थांब. हात मांडीखाली घे. मी येतोय.